दोन काड्या पुरे

जर्मनीतल्या बहुतेक फ्लॅटच्या मुख्य दाराला बाहेरून फिरणारं हँडल नसतं, नुसती एक घट्ट बसवलेली मूठ असते. दार ओढलं गेलं की त्याची जीभ चौकटीत जाऊन बसते आणि बाहेरच्या माणसासाठी ते बंद होतं. आपल्याकडच्या लॅचच्या दारासारखंच. शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींपैकी कुणी ना कुणी पहिल्याच हिवाळ्यात कचऱ्याची पिशवी खाली टाकायला म्हणून बाहेर पडतं, मागे दार लागतं, आणि पायात मोजे, हातात पिशवी, चावी आत, अशा अवस्थेत जिन्यात उभं राहतं. मग 'श्ल्युसेलडीन्स्ट'वाल्याला, म्हणजे चावीवाल्याला, बोलवायचं. तो येतो, बॅगेतून वाकवलेली एक तार किंवा प्लास्टिकची लवचीक पट्टी काढतो, दाराच्या फटीतून आत सरकवतो आणि जीभ मागे रेटतो. दार उघडायला मिनिटही लागत नाही. त्यानंतर हातात पडलेलं बिल वाचायला मात्र जास्त वेळ लागतो. अवाच्या सवा पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं तिथली ग्राहक सल्ला केंद्रं वर्षानुवर्षं बजावत आली आहेत.

या सगळ्यात अवजार लागलं एक. पण गंमत अशी की त्या माणसाने कुलूप उघडलंच नाही. कुलूप लावलेलंच नव्हतं. त्याने फक्त जीभ ढकलली. चावी दोनदा फिरवून लावलेलं दार चावीशिवाय उघडणं हे वेगळं काम, आणि जर्मनीत शेकडो लोक ते काम हौसेने, फावल्या वेळात, बिअरचा ग्लास बाजूला ठेवून करतात. अशा हौशी माणसाला अवजारं किती लागतात, हा प्रश्न नवखा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो. उत्तर ऐकून त्याचा विश्वास बसत नाही, आणि तो चोवीस काड्यांचा संच विकत घेऊन मोकळा होतो.

या छंदाची संघटनाही जर्मनीतच जन्मली. १९९७ साली हॅम्बुर्गमध्ये 'स्पोर्ट्सफ्रॉइंडे डेर श्पेरटेक्निक' स्थापन झाली. नावाचा अर्थ साधारण 'कुलूपतंत्राचे क्रीडामित्र'. कुलूप उघडण्याला खेळ मानणारी जगातली पहिली संघटना म्हणून तिचं नाव घेतात. जर्मन नागरी संहितेच्या ५६ व्या कलमाप्रमाणे अशी संस्था नोंदवायला निदान सात सभासद लागतात. चार मराठी माणसं परगावी भेटली की जसं गणपती मंडळ निघतं, तशी जर्मनीत कुठल्याही छंदाची नोंदणीकृत संस्था निघते. सशांची पैदास करणाऱ्यांच्या संस्था आहेत, मग कुलूपवाल्यांची का नसावी?

संस्थापकांमधलं ठळक नाव श्टेफेन वेर्नेरी यांचं. जर्मनीत ते त्याआधीच गाजले होते, पण संगणकांमुळे. नोव्हेंबर १९८४ मध्ये वेर्नेरी आणि वाऊ हॉलंड या 'केऑस कॉम्प्युटर क्लब'च्या दोघांनी जर्मन टपाल खात्याच्या 'बिल्डशिर्मटेक्स्ट' या सेवेतली भोकं दाखवून दिली होती. हॅम्बुर्गच्या बचत बँकेच्या खात्यावरून त्यांनी स्वतःचंच एक सशुल्क पान रात्रभर पुन्हा पुन्हा उघडत ठेवलं. सकाळपर्यंत बँकेच्या नावे सुमारे १,३५,००० मार्क चढले. दोघांनी पत्रकारांना बोलावून सगळं सांगितलं आणि पैसे परत केले. कमकुवत जागा दाखवायची, पण तिचा फायदा घ्यायचा नाही, हा त्या रात्रीचा धडा तेरा वर्षांनी कुलपांच्या संघटनेत जसाच्या तसा उतरला. तिथला नियम साधा आहे. जे कुलूप आपलं आहे, किंवा ज्याच्या मालकाने हो म्हटलं आहे, तेच उघडायचं. आणि वापरात असलेल्या कुलपाला हात लावायचा नाही, मग ते स्वतःच्या घराचं का असेना. आत एखादी पिन वाकडी झाली तर रात्री जिन्यात झोपावं लागतं.

आता कुलपाच्या आत डोकावू.

जर्मन दारातलं सिलिंडर म्हणजे बाहेर एक स्थिर कवच आणि आत फिरणारा गोल गाभा. चावी या गाभ्यात जाते. गाभा आणि कवच या दोघांतून आरपार जाणारी पाच किंवा सहा बारीक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्रात दोन पिना, एकीला दुसरी टेकलेली, आणि मागे एक छोटी स्प्रिंग. चावी नसताना स्प्रिंगा पिनांना आत ढकलतात. मागची पिन अर्धी गाभ्यात, अर्धी कवचात अडकून राहते आणि गाभा फिरू शकत नाही. योग्य चावीचे दाते प्रत्येक जोडीला नेमकं इतकंच दाबतात की दोन पिनांमधला सांधा बरोबर गाभा आणि कवच यांच्या सीमेवर येतो. सगळे सांधे एका रेषेत आले की गाभा फिरतो. अमेरिकेतल्या लायनस येल धाकटे यांनी १८६० च्या दशकात पेटंट घेतलेली ही रचना आजही जगातल्या कोट्यवधी दारांत जवळपास तशीच आहे. पुस्तकातल्या आणि चित्रफितींतल्या आकृत्यांत पिना वर टांगलेल्या दिसतात. जर्मन सिलिंडरात त्या खालच्या अंगाला असतात. चित्रफीत पाहून शिकलेला नवखा पहिले दोन दिवस काडी उलटीच धरतो.

चावीशिवाय हे उघडतं ते कारागिरीतल्या एका उणिवेमुळे. ही पाच छिद्रं एका सरळ रेषेत पाडायची असतात, पण कुठल्याच यंत्राला ते शंभर टक्के साधत नाही. केसाएवढा फरक राहतोच. म्हणून गाभ्याला किंचित पीळ दिला की पाचही पिना एकदम अडकत नाहीत. ज्या पिनेचं छिद्र सर्वांत जास्त सरकलेलं, ती आधी अडकते. तेवढ्या एकीलाच शोधून हळूच दाबायचं. तिचा सांधा सीमेवर आला की बोटाला बारीक 'टिक्' जाणवतं, गाभा पाव अंश हलतो, आणि अडकायची पाळी दुसऱ्या पिनेवर येते. मग तिसरी, चौथी. शेवटची बसली की गाभा सुटतो.

म्हणजे कामं दोनच आहेत. पीळ देणं आणि दाबणं. पीळ द्यायला काटकोनात वाकवलेली एक पट्टी, जर्मन लोक तिला 'श्पानर' म्हणतात. दाबायला टोकाशी जरा वळलेली एक काडी, तिला आपण आकडी म्हणू. संपली यादी. नोबेल विजेते रिचर्ड फाइनमन लॉस अलामॉसमध्ये अणुबॉम्बच्या कामावर असताना सहकाऱ्यांची कुलपं स्क्रू-ड्रायव्हर आणि वाकवलेली पेपरक्लिप एवढ्यावर उघडत. त्यांनाही तिसऱ्या वस्तूची गरज पडली नव्हती.

नवख्यांचं सगळं लक्ष आकडीवर असतं. तिचे नाना आकार असतात, चकचकीत दिसतात. जुने खेळाडू मात्र पट्टीबद्दल बोलतात, कारण कुलपाशी खरं बोलणं तिच्यातूनच होतं. पीळ जास्त झाला की सगळ्या पिना एकदम करकचून अडकतात आणि काही कळेनासं होतं. कमी झाला की बसलेली पिन पुन्हा उसळते. पेटीची पट्टी दाबायला लागतो तेवढाही जोर इथे लागत नाही. पट्टी खाचेत घट्ट बसली पाहिजे आणि आकडीला जागाही सोडली पाहिजे, म्हणून ती दोन-तीन रुंदींत जवळ असणं शहाणपणाचं. पैसे कुठे घालायचेच असतील तर इथे.

जर्मन कुलपांची एक वेगळीच कटकट आहे. तिथल्या सिलिंडरांची खाच अरुंद आणि नागमोडी असते. अमेरिकन कुलपांसाठी बनवलेल्या जाड काड्या तीत शिरल्या तरी हलत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची काडी तिथे सोयीची. बॉनमधली मल्टीपिक ही कंपनी अशी अवजारं बनवते आणि तिचा माल जगभर जातो. पण हौशी मंडळींची आवडती कच्च्या मालाची खाण रस्त्यावरच आहे. रस्ते झाडणाऱ्या गाड्यांच्या गोल ब्रशांतल्या पोलादी पात्या तुटून कडेला पडतात. स्प्रिंगच्या पोलादाची ती पाती कानशीने घासून घेतली की उत्तम काडी होते. मोटारीच्या वायपरच्या रबरात दडलेली पोलादी पट्टी वाकवली की श्पानर तयार. कुलूपप्रेमी जर्मन माणूस फुटपाथवरून खाली बघत चालला असेल तर त्याचं नाणं हरवलंय असं समजू नये.

मग चोवीस काड्यांचे संच खपतात कसे? स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसारखे. लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या चौदा सुऱ्यांचा संच हौसेने घेतला जातो आणि रोजची भाजी एकाच सुरीने चिरली जाते. आजीने तर उभा जन्म एका विळीवर काढला. नारळही तिच्यावरच खवला. संचातली अर्ध्या चंद्रासारखी काडी, गोळी असलेली काडी, दोन गोळ्या असलेली काडी, या सगळ्या वर्षभराने तशाच कोऱ्या सापडतात. प्रामाणिकपणे मोजायचं तर एक बुटकी आकडी, एक उंच आकडी, लाटांसारख्या दातांची एक करवती काडी आणि तीन पट्ट्या. एकूण सहा. त्यातली करवती काडीही तशी चैनच. ती खाचेत भराभर मागेपुढे ओढली की स्वस्तातलं कुलूप नशिबाने उघडतं. नवख्याला त्यात फार आनंद होतो, आणि शिकणं तिथेच थांबतं.

कुलूप अवघड झालं की अवजारं वाढवावी लागतात, हाही गैरसमज. चांगल्या सिलिंडरात काही पिना दोऱ्याच्या रिळासारख्या मधे बारीक केलेल्या असतात. अशी पिन दाबताना गाभा एकदम चांगला दोन-चार अंश फिरतो. उघडलं असं वाटतं आणि तिथेच सगळं अडकतं. रिळाची कड अडकलेली असते. इथून सुटायला पट्टीवरचा पीळ अगदी हळूहळू सैल करावा लागतो, तोही आधी बसलेल्या पिना न उसळू देता. त्यासाठी नवी काडी विकत मिळत नाही. त्याच दोन काड्या, आणि सहा महिन्यांचा सराव.

खरोखर नवं अवजार लागतं ते कुलपाची जात बदलली की. जर्मन घरांतल्या आतल्या खोल्यांच्या दारांना जुन्या पद्धतीची साधी 'बुंटबार्ट' कुलपं असतात; त्यांना वाकवलेली एक जाड तार पुरते, पट्टीही नको. उलट स्विस काबा कंपनीने १९३४ साली आणलेल्या चावीला दाते नसतात, सपाट अंगावर खळगे असतात. अशा कुलपात पिना पसरट खाचेच्या बाजूंनी येतात. तिथे वर-खाली दाबणारी आकडी निरुपयोगी ठरते. टोकाला छोट्या झेंड्यासारखी पाती असलेली काडी फिरवून दाबावं लागतं. तिसरी जात चकत्यांची. फिनलंडच्या एमिल हेन्रिकसन यांनी १९०७ साली शोधलेल्या या कुलपात ना पिना असतात ना स्प्रिंगा. एकामागे एक फिरणाऱ्या चकत्या असतात आणि प्रत्येक चकती ठरावीक कोनात यावी लागते. आबुसच्या महागड्या सायकल-कुलपांतही चकत्या असतात. व्होल्मारश्टाइनच्या आउगुस्ट ब्रेमिकर आणि मुलांनी १९२४ साली काढलेली ही कंपनी. नावातली अक्षरं त्यांचीच. या जातीसाठी खास अवजार लागतं, ज्यात पीळ देणारं टोक आणि चकत्या चाचपणारी सुई एकाच दांड्यात असतात. ते स्वस्त नसतं, आणि दुसऱ्या कुठल्याही कुलपाला चालत नाही.

खास कुलपाला खास अवजार, ही गोष्ट १८५१ सालीच गाजली होती. लंडनमधल्या ब्रामा कंपनीच्या दुकानाच्या काचेत १७९० पासून एक कुलूप टांगलेलं होतं आणि ते उघडणाऱ्याला दोनशे गिनींचं बक्षीस होतं. साठ वर्षं ते कुणाला उघडलं नाही. लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आलेले अमेरिकन कुलूपकार आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज यांनी आधी चब कंपनीचं नामांकित कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं, मग ब्रामाकडे वळले. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास ते त्या कुलपाशी बसले होते, तेही कुलपावर पक्की जोडलेली खास साधनं घेऊन. बक्षीस मिळालं, पण इतका वेळ आणि इतकी सामग्री घेऊन उघडणं म्हणजे उघडणं का, यावर वर्तमानपत्रांत बरेच दिवस भांडण चाललं.

जर्मन स्पर्धांमध्ये एक प्रकार असाही आहे ज्यात ना आकडी लागते ना पट्टी. कोरी चावी घ्यायची, कुलपात घालून जोर देऊन हलवायची, बाहेर काढून भिंगाखाली बघायची. जिथे पिन अडकली तिथे पितळेवर सुईच्या टोकाएवढी खूण उमटते. तेवढंच घासायचं आणि पुन्हा घालायची. असं करत करत चावीच तयार होते आणि कुलूप उघडतं. ऑलिव्हर डीडेरिक्सेन यांनी या तंत्रावर आख्खं पुस्तक लिहिलं आहे. घड्याळ लावून, टेबलावर शिकंजा बसवून, दिव्याखाली वाकून बसलेले ते स्पर्धक पाहिले की मराठी माणसाला दादरच्या किंवा मंडईच्या फुटपाथवरचा चावीवाला आठवल्याशिवाय राहणार नाही. कोऱ्या चाव्यांचा जुडगा, कानस, पकड आणि गुडघ्यात धरलेलं कुलूप. कपाटाची चावी हरवलेल्या गिऱ्हाइकासमोर खुणा वाचत तो हेच करतो. १८९७ साली लालबागमध्ये गोदरेजची कुलपं बनू लागली तेव्हापासून मुंबईत कुलपं आणि चावीवाले दोघंही हातात हात घालून वाढले. जर्मनीत त्याच कौशल्याला करंडक मिळतो. आपल्याकडे त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस होते.

एवढं सगळं उघडपणे शिकवलं जातं म्हटल्यावर चोरांचं फावत नाही का, असा प्रश्न येणारच. जर्मन पोलिसांच्या आकडेवारीत २०१५ साली घरफोडीच्या १,६७,१३६ घटनांची नोंद झाली; त्या काळातला तो उच्चांक होता. पण चोर येतो तो बहुतेक वेळा खिडकीतून किंवा गच्चीच्या काचेच्या दारातून, आणि त्याचं अवजार असतं एक मोठा स्क्रू-ड्रायव्हर. फटीत घालायचा, रेटा द्यायचा. पिना मोजत बसायला त्याच्याकडे संध्याकाळ मोकळी नसते. अवजारांच्या किमान संख्येची स्पर्धा लावली तर तिथे चोरच जिंकेल.

कायद्याचं म्हणाल, तर जर्मनीत अशा काड्या घरात बाळगायला बंदी नाही. जपानने २००३ साली कायदा करून कारणाशिवाय त्या बाळगण्यालाच गुन्हा ठरवलं. महाराष्ट्रात पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ आहे. सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत घरफोडीचं साहित्य समाधानकारक कारणाशिवाय जवळ सापडलं तर शिक्षा होऊ शकते. पहाटेच्या गाडीने पुण्याला येताना खिशात आकड्यांचा संच ठेवून 'छंद आहे साहेब' हे हवालदाराला पटवण्याचा प्रयोग कुणी न केलेला बरा.

जर्मनीत राहणाऱ्या आणि हे वाचून हात शिवशिवू लागलेल्या मराठी वाचकांसाठी थोडं. काड्या दोन घ्या आणि उरलेल्या पैशांत रविवारच्या जुन्या बाजारातून वेगवेगळी पाच-सहा सिलिंडरं आणा. एकच कुलूप शंभरदा उघडलं तर हात त्या एका कुलपाचा होतो. आणि काहीही झालं तरी भाड्याच्या घराच्या दारावर सराव करू नका. ते सिलिंडर घरमालकाचं असतं, आणि मोठ्या इमारतीत ते बहुधा खालच्या मुख्य दरवाजासकट एकाच चावी-मालिकेत गुंफलेलं असतं. एका भाडेकरूने घर सोडताना दोनपैकी एकच चावी परत केली म्हणून मालकाने आख्ख्या इमारतीची कुलपं बदलण्याचे सुमारे दीड हजार युरो मागितले होते. प्रकरण जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं. ५ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने भाडेकरूला सोडवलं, पण ते कुलपं प्रत्यक्षात बदललीच नव्हती म्हणून. ती बदलली असती आणि चुकीच्या हाती चावी पडण्याची भीती खरी असती, तर पैसे भाडेकरूला भरावे लागले असते.

जास्तीची चावी मात्र आजच शेजारच्या आजीबाईंकडे ठेवून या.